रोमन टाकीतली वाइन

"आजपासून या रोमन टाकीतून काडीसुद्धा बाहेर निघणार नाही!" छातीवरच्या फ्रेंच तिरंगी पट्ट्यावर हात ठेवून मेयर फुल्क्रां बेसेद गरजले. "दोन हजार वर्षं ती काळाशी झुंजली. आता तिच्याकडे वाकड्या नजरेनं पाहणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे!"

टाळ्या पडल्या. वारसा खात्याच्या मादाम गारिगू यांनी टाकीच्या तोंडावरच्या नव्या लोखंडी जाळीला कुलूप घातलं आणि वर शिशाचं सील ठोकलं. तेवढ्यात मेयरच्या बायकोनं, ओनोरीननं, त्यांचा कोट मागून ओढला.

"फुल्क्रां, वाइन आत आहे."

"कशाच्या आत?"

"तुझ्या दोन हजार वर्षांच्या!"

मेयरना भर उन्हात थंडी वाजली. कचेरीतला फ्रिज सकाळीच बंद पडला होता. तेव्हा ओनोरीननं गावच्या जुन्या सवयीप्रमाणे समारंभाच्या सगळ्या बाटल्या पिशव्यांत बांधून दोरानं टाकीतल्या गारव्यात सोडल्या होत्या. अख्खं गाव उन्हात उभं, मार्चमध्ये निवडणूक, आणि भाषण ऐकवून वाइन न पाजणाऱ्या मेयरला मोंरुसाक गावानं दुसऱ्यांदा निवडून दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मेयरनी मादामना हळूच बाजूला घेतलं.

"आतली वस्तू काढायची तर समितीकडे अर्ज करा," मादाम म्हणाल्या. "समिती सध्या सुट्टीवर आहे."

"अहो, पण बाटल्या रोमन नाहीत!"

"ते मी ठरवायचं. काडीसुद्धा नाही, असं आपणच म्हणालात. फार आवडलं मला. मी लिहून घेतलंय."

"मेयर!" मागून बेकरीवाला तितॅं ओरडला. मार्चमध्ये तोही उभा राहणार होता. "रोमन लोक पाहुण्यांना तहानेनंच मारायचे काय?"

लोक हसले. मेयरनी घाईघाईनं दुसरं भाषण सुरू केलं. रोमन चुना कसा मळत, ते त्यांनी सांगितलं. मग तोच चुना पुन्हा मळला. पहिली रांग सावलीत गेली, दुसरी तितॅंभोवती जमली.

शेवटी ओनोरीनच पुढे झाली.

"मादाम, एक सांगू? वाइन आमच्या यांच्या भावाच्या मळ्यातली आहे. भलती आंबट. एखादं बूच सुटलं ना, तर तुमचा तो रोमन चुना खाऊन टाकेल."

"अगं, काहीतरीच काय!" मेयर भावाची बाजू घ्यायला निघाले आणि बायकोची नजर बघून थांबले.

"मग सील कुणी ठोकलं होतं म्हणून विचारतील," ओनोरीन निरागसपणे म्हणाली.

मादाम गंभीर झाल्या. जाळीतून वाकून त्यांनी आत पाहिलं. मग कपाळावरचा घाम पुसला, सील तोडलं आणि "वारशाच्या रक्षणार्थ तातडीची कारवाई!" असं जाहीर करून स्वतःच दोर ओढला.

पहिली बाटली वर आली. काचेवर दव धरलं होतं. गाव पुढे सरकलं. मादामनी ती उन्हात धरली, उलटसुलट फिरवली, गालाला लावली. जरा जास्तच वेळ लावली.

"नुसतं बाहेरून बघून काळ ठरवता येत नाही," त्या म्हणाल्या. "बूच काढायचं काही आहे का हो कुणाकडे?"