न वाजणारी निळी तबकडी

यशवंतानं तेवढं एक खोटं बोलायला नको होतं. पण वेळच तशी आली. संक्रांत तोंडावर, घरभर भाजलेल्या तिळाचा वास, आई जयवंताबाई जमिनीवर पाय पसरून लाडू वळतायत, आणि दारात बायको त्रिवेणी कमरेवर हात ठेवून उभी. तिच्या पायाशी एक चौकोनी खोकं. त्यावर यशवंताचं नाव एवढ्या ठळक अक्षरांत, की आंधळ्यालाही वाचता यावं.

"अहो, हे काय आलंय?"

आता यशवंताचं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. यशवंत पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. दिवसभर पाण्याचाच कारभार, पण सगळा कागदावर. पोहता येत नाही. हुसेनसागर तलावातल्या बुद्धाच्या पुतळ्यापर्यंत जाणाऱ्या बोटीत बसला तरी दांडा दोन्ही हातांनी धरतो. समुद्र जन्मात एकदाच पाहिला, विशाखापट्टणमला, तोही पँट दुमडून. (लाट आली तेव्हा तो त्रिवेणीच्या मागे जाऊन उभा राहिला होता. फोटो आहे.)

अशा माणसाला नाद कशाचा लागावा? तर सर्फ रॉकचा. साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोरं फळीवर उभी राहून लाटांवरून घसरायची आणि मग तसलीच गिटार बडवायची, पाण्यात बुचकळून वाजवल्यासारखी. जामबागच्या कॉलेजात असताना गौतम नावाच्या दोस्तानं कॅसेट ऐकवली आणि हा जो वाहून गेला तो गेलाच. हल्ली कंपन्या ते जुने अल्बम पुन्हा काढतात, जाडजूड तबकड्या, चकचकीत वेष्टनं. त्याला म्हणायचं रीइश्यू.

"रीइश्यू म्हणजे काय रे, यशवंता?" जयवंताबाईंनी एकदा विचारलं होतं.

"जुनंच गं आई. नव्या वेष्टनात परत आणलेलं."

"म्हणजे वाणच की! गेल्या साली मला मिळालेली स्टीलची डबी मी जशीच्या तशी पुढं सरकवली. गल्लीभर हिंडून यंदा माझ्याच ओटीत आली. झाकण तेवढं बदललेलं."

त्रिवेणीलाही त्यानं एकदा प्रेमानं समजावलं होतं, "अगं, त्या गिटारीत नुसत्या लाटा असतात, लाटा!" त्यावर ती म्हणाली, "लाटा काय, मी रोज लाटते. आज तुम्ही लाटा." आणि पोळपाट पुढं केला.

तरी तिनं पुष्कळ सोसलं. दिवाळीत मात्र नांदेडचे पाहुणे आले आणि दिवाणातल्या गाद्या काढायला गेली, तर आत गाद्याच नाहीत. तबकड्या! गाद्या गच्चीवर, ताडपत्रीखाली. पाहुणे सतरंजीवर झोपले. बिछान्याखाली तबकड्या आणि बिछान्यावर कुणी नाही, असा प्रकार. त्या दिवशी त्रिवेणीनं सुनावलं, "यापुढं या घरात एक तबकडी आली, तर ती सरळ भंगारवाल्याच्या गाड्यावर."

तेव्हापासून यशवंताची पार्सलं कचेरीच्या पत्त्यावर यायची. पण कुरियरवाला पडला ओळखीचा. कचेरीला सुट्टी आहे, साहेबांची खोटी नको व्हायला, म्हणून भला माणूस खोकं घरी देऊन गेला.

आणि आत काय होतं? अख्खा संच. शिवाय त्या संचात एक निळी. काळी नव्हे, निळी, समुद्राच्या पाण्यासारखी आरपार दिसणारी. अशा मोजक्याच काढल्या होत्या. गौतमला बंगळुरूला बसून मिळाली नव्हती, ती यशवंताला मिळाली होती. रात्री स्वप्नात यायची, इतकी.

त्रिवेणीनं विळीच्या टोकानं खोक्याची चिकटपट्टी उसवली, वरची तबकडी अर्धी ओढून पाहिली, आणि भुवया कपाळात गेल्या.

"परत तबकड्या?"

यशवंताची नजर तिळाच्या परातीवर पडली आणि तोंडातून निघून गेलं, "तबकड्या कुठल्या! वाण आहे, वाण. तुझ्या हळदीकुंकवाचं."

"वाण?"

"हौ. शोभेचं. भिंतीवर लावायचं असतं. हल्ली फॅशन आहे. वाजत बिजत नाहीत त्या."

"वाजत नाहीत?"

"अजिबात नाहीत. नुसत्या दिसायला."

त्रिवेणीनं ओढलेली तबकडी परत आत सरकवली. मग अशी काही गोड हसली, की यशवंताला लग्नातली आठवण झाली. "इतक्या वर्षांत तुम्हाला माझं वाण सुचलं! आत्याबाई, ऐकलंत का?"

"ऐकलं की," म्हणत जयवंताबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, देवापुढची कोयरी आणली आणि बोट बुडवून खोक्यावर हळद-कुंकू लावलं. "वाण म्हणून तोंडातून गेलं, आता ते बायकांचं झालं. पुरुषानं हात लावायचा नाही."

यशवंत मनात म्हणाला, लावू दे काय लावायचंय ते. हळदीकुंकू शुक्रवारी. तोवर निळी काढून घेऊ, बाकीच्यांच्या जागी अफझलगंजातून स्टीलची ताटं आणू, त्रिवेणीला सांगू की कंपनीनं माल चुकवला. काम फत्ते.

पण खोकं ठेवलं देवघराखाली, आणि देवघरापुढं जयवंताबाई. वाती वळायच्या तिथं, शेंगा सोलायच्या तिथं, डुलकीसुद्धा तिथंच. हा जवळ गेला की एक डोळा उघडायचा.

"काय पाहिजे?"

"काही नाही. नमस्कार करावा म्हटलं."

"सकाळपासून चौथांदा करायलास. पाप केलंस का काही?"

गुरुवारी कचेरी सुटल्यावर यशवंतानं अफझलगंज गाठलं. ताटं घेतली, पिशवी खांद्याला मारली आणि शीळ घालत घरी आला. जिन्याच्या तोंडाशी शीळ थांबली. वरून बायका उतरत होत्या, कपाळाला कुंकू, केसांत गजरे, आणि प्रत्येकीच्या काखेत एक चौकोनी, चकचकीत वेष्टन.

"यशवंतराव, काय वाण निवडलंत!" खालच्या मजल्यावरच्या रजनीताई म्हणाल्या. "स्टीलच्या डब्यांनी जीव विटला होता बघा."

यशवंतानं ताटांची पिशवी पाठीमागं लपवली. ती खणखणली.

"पण हे धुण्याचं काय आहे हो?" जामबागच्या अनुराधाताईंनी वेष्टनावर बोट ठेवलं. "सर्फ लिहिलंय."

"धुण्याचंच ते," कठड्यावरून जयवंताबाईंचा आवाज आला. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण चित्र त्या बरोबर वाचायच्या. "बघ की, एकेकानं इस्तरीचं टेबल डोक्यावर घेतलंय आणि पाण्याकडं निघालेत. परदेशातले धोबी आहेत."

"अंगावर तर चड्डीशिवाय काही नाही!"

"सगळंच धुवायला टाकलं असंल."

जिना हसून हसून हलला. यशवंत वर गेला तो भिंतीला धरून.

"अगं, हळदीकुंकू शुक्रवारी होतं ना?"

"होतं. पण शुक्रवारी आपल्या नारायणगुड्यात पाणी नाही. खाली नोटीस लागलीय, वाचली नाहीत?"

वाचायला कशाला हवी होती? त्यानंच तर ती टाइप केली होती. खाली सहीसुद्धा त्याचीच.

"आणि ती... निळी कुणाला दिलीस?" त्यानं अगदी सहज विचारलं, टाय सैल करत. (तो टाय घालत नाही. नुसतीच मान सैल करत होता.)

"समोरच्या भाग्यलक्ष्मीला. तिनं उघडली तेव्हा निळी निघाली. पण आत निळी आहे हे तुम्हाला कसं ठाऊक? वेष्टन तर बंद होतं."

"कंपनीनं कळवलं होतं. वाणाच्या."

"अस्सं," त्रिवेणी म्हणाली, आणि त्याच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला.

दुसऱ्या दिवशी यशवंत साखर मागायच्या निमित्तानं समोरच्या दारात उभा. भाग्यलक्ष्मी तेलुगू, पण नारायणगुड्यातच वाढलेली, त्यामुळे तिच्या तोंडी सगळ्या भाषा एकाच कढईत.

"ती निळी प्लेट? अय्यो अन्नय्या, ती मी अनुराधा वदिनाला देऊन टाकली की. त्यांच्याकडं पेरंटमला, तुमच्या त्या हळदीकुंकवाला, गेली होती, हातात काहीतरी पाहिजे ना! बुरा नक्को मानू."

"छे छे, बुरा कायकू मानायचं," यशवंत म्हणाला आणि घरात भरपूर असलेली साखर घेऊन परतला.

मग जामबाग. अनुराधाताईंच्या टेबलावर सांबाराचं पातेलं, आणि पातेल्याखाली एक तबकडी. यशवंतानं झडप घातली. पातेलं उचललं, तर काळी निघाली. त्यांची स्वतःची. गरम पातेल्यानं चहूकडून वर वळून तिचा छान वाडगा झाला होता.

"आता पापड ठेवते त्यात," अनुराधाताई म्हणाल्या. "निळी होय? ती गेली पुढं. हळदीकुंकू काय एकच असतं का? रथसप्तमीपर्यंत चालायचं."

तेव्हा कुठं यशवंताच्या डोक्यात उजेड पडला. वाण हिंडतं! डबी हिंडून आईच्या ओटीत आली, तशी निळीही आली तर त्रिवेणीच्याच हातात येईल. मात्र त्रिवेणीनं एकही घर चुकवता कामा नये.

झालं. ज्या नवऱ्यानं बायकोला कधी मंडईत सोडलं नव्हतं, तो रोज संध्याकाळी स्कूटर पुसून तयार.

"अहो, आज माझं डोकं दुखतंय. नाही जात."

"असं कसं! बोलावलंय तर जायला पाहिजे. सवाष्णीनं नाही म्हणू नये. गोळी घे आणि चल."

खाली फुटपाथवर डास मारत उभा राहायचा. ती बाहेर आली की आधी तिच्या हाताकडे बघायचा. चाळणी. कंगवा. प्लास्टिकची सुपली. पुन्हा चाळणी. वर खिडक्यांतून बायका बघायच्या आणि उसासे टाकायच्या. एके दिवशी अनुराधाताईंचे यजमान नामदेवराव त्याला रस्त्यात गाठून म्हणाले, "यशवंतराव, तुमच्यापायी मला म्हातारपणी स्कूटर काढावी लागली. रोज ऐकतोय, त्रिवेणीचा नवरा बघा, त्रिवेणीचा नवरा बघा. काय बघू मी? असं काय करायलाय तुम्ही?"

यशवंतानं खिशातून फडकं काढलं आणि स्कूटर पुसायला घेतली.

रथसप्तमीला शेवटचं हळदीकुंकू होतं रजनीताईंकडे, म्हणजे खालच्याच मजल्यावर. तिथंही त्यानं तिला जिन्यानं सोडलं आणि पायरीवर बसून राहिला. दार उघडलं. त्रिवेणी आली. हातात चौकोनी वेष्टन. वेष्टनावर इस्तरीचं टेबल घेतलेला धोबी. (यशवंतसुद्धा आता धोबीच म्हणायला लागला होता.)

घरात येऊन तिनं हलकेच ओढली, तर निळी! चरा नाही, डाग नाही. दिव्याचा उजेड आरपार गेला आणि भिंतीवर निळं पाणी हललं.

"दे, दे इकडं!" यशवंत झेपावला.

"हात मागं," जयवंताबाई म्हणाल्या. "बाईचं वाण आहे."

"अगं आई, पण ती माझी..."

"तुमची काय?" त्रिवेणीनं विचारलं. आवाजात तोच लग्नातला गोडवा.

यशवंतानं तोंड उघडलं. खरं सांगावं, तर महिनाभराची सगळी वरात उघडी पडते. वाण खोटं, स्कूटर खोटी, नारायणगुड्यातलं नाव खोटं. पुन्हा भंगारवाल्याचा गाडा आहेच. त्यानं तोंड मिटलं.

"माझी... आवड. निळा रंग."

"मला पण आवडला," त्रिवेणी म्हणाली. "भिंतीवर लावायची ना? भोक आयतंच आहे. खिळा ठोका."

आणि यशवंतानं, ज्या तबकडीसाठी तो गल्ल्या हिंडला, तिच्यासाठी आपल्या हातानं खिळा ठोकला. स्टुलावर उभा असताना आई खालून सांगत होती, "जरा डावीकडं. अजून डावीकडं. हां, आता शोभते."

रोज जेवताना ती समोर दिसायची. रोज तो एक पोळी कमी खायचा.

पुढं काही दिवसांनी कचेरीतलंच पाणी गेलं. (पाणीपुरवठ्याच्या कचेरीतलं. कुणाला सांगू नका.) सगळ्यांना दुपारीच घरी सोडलं. यशवंत जिना चढत होता, आणि मधल्याच पायरीवर त्याचा पाय थबकला. वरून गिटार येत होती. ओली, थरथरती, पाण्यात बुचकळलेली. कॅसेटवर त्या वयात ऐकली होती, तीच. पण किती स्वच्छ! तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढला, किल्ली काढली, किल्ली पडली, उचलली, दार ढकललं.

सगळं चिडीचूप.

त्रिवेणी कपड्यांच्या घड्या घालत होती. जयवंताबाई हातात टॉवेल घेऊन देवासारख्या शांत. यशवंताच्या तबकड्या वाजवायच्या प्लेअरवर रोजच्यासारखं विणलेलं कापड, फक्त उलटं घातलेलं. आणि भिंतीवर खिळ्याला निळी तबकडी अजून हळूहळू डोलत होती.

"आत्ता इथं काहीतरी वाजत होतं," यशवंत धापा टाकत म्हणाला.

"काय वाजणार?" त्रिवेणीनं उशीचा अभ्रा झटकला. "तुम्हीच तर म्हणालात, ही वाजत नाही."

"पण मी ऐकली!"

"तुम्ही घरात असताना एकदा तरी वाजली का? नाही ना? मग?"

यशवंत मटकन खुर्चीत बसला. जयवंताबाईंनी टॉवेलाची घडी घातली, वरून हात फिरवला, आणि मायेनं त्याच्याकडं बघितलं.

"थकलास रे. चहा घे. पण उद्या कचेरीला वेळेवर जा बाबा. दुसरी बाजू ऐकायची राहिलीय."