चौथा, एकसष्टावा आणि देवीचा उजवा कौल

"वैशालीच्या कॉलेजचा प्रश्न मी दहा मिनिटांत सोडवतो," असं भिकाजी गुरुजी म्हणाले, तेव्हा कापडे गावच्या एसटी थांब्यावरची माणसं वळून त्यांच्याकडे बघायला लागली.

गुरुजींनी आयुष्यात कुठलीच गोष्ट एवढी ठासून सांगितली नव्हती. भर आषाढात, छत्रीतून पाणी गळत असताना कोणी "पाऊस हाय ना गुरुजी?" म्हणालं, तर ते "तसं वाटतंय खरं" म्हणायचे. शाळेत शिकवायचे तेव्हा फळ्यावर गणिताचं उत्तर लिहून झालं की स्वतःच मुलांमध्ये जाऊन उभे राहायचे आणि ते बरोबर आहे का, ते लांबून बघायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुस्तकांत डोकं घातलं. पुस्तकांचा मोठा गुण असा, की ती तुमचं मत विचारत नाहीत.

पण या वेळी गुरुजींच्या पिशवीत भक्कम आधार होता. महाडच्या बाजारातून त्यांनी दिल्लीचं मागल्या आठवड्याचं एक इंग्रजी साप्ताहिक आणलं होतं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो आणि आत खासगी कॉलेजांची क्रमवार यादी. दिल्लीच्या लोकांनी नंबरच लावून दिलेले, आपण फक्त वाचून दाखवायचं. यात चुकायला जागा कुठे होती?

वैशाली ही त्यांच्या पुतण्याची मुलगी. बारावी सायन्सला चांगल्या मार्कांनी पास झालेली. बाप मुंबईत नोकरीला. त्याने फोनवर सांगून टाकलं होतं की गुरुजी म्हणतील तिथे पोरीला घाला. दोन कॉलेजांनी तिला जागा देऊ केली होती. एक पनवेलचं. त्याच्या इमारतीला चारी बाजूंनी निळ्या काचा, म्हणून वाडीत त्याला 'काचेचं कॉलेज' म्हणत. दुसरं महाडचं, डोंगरातल्या मुलांसाठी काही वडीलधाऱ्यांनी मंडळ स्थापून काढलेलं, म्हणून ते 'मंडळाचं'. दोन्हीकडे प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. मुदत टळली की वैशाली वर्षभर घरी, म्हणजे गुरांमागे आणि शेतात. आणि वर्षभर घरी राहिलेली मुलगी नंतर पुन्हा कॉलेजात गेली, असं वाडीत आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

वाडी चढून गुरुजी वैशालीच्या घरच्या ओटीवर टेकले आणि त्यांनी साप्ताहिक उघडलं. काचेचं कॉलेज चौथं. मंडळाचं कॉलेज एकसष्टावं.

"एकसष्ट म्हंजे कळपात शेवटी चालणाऱ्या पोलीसपाटलाच्या म्हशीपरीस मागं," वैशालीची आजी ठकूबाई म्हणाली. कुणाला काही शंका उरली नाही. वैशालीच्या आईने, चंद्राबाईने, चहात साखर जास्त घातली. गुरुजींनी तो चहा पिताना आयुष्यात पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकवली.

तेवढ्यात वैशालीचा मामा मंगेश पनवेलहून आला. मंगेशचं घर काचेच्या कॉलेजला लागून होतं. भाची आपल्याकडे राहील, संध्याकाळी आपल्या दोन दिवट्यांचा अभ्यास घेईल, असा त्याचा साधा हिशेब होता. काचेच्या कॉलेजची थोरवी पटवायला त्याने एका मराठी वर्तमानपत्राची रविवार पुरवणी आणली होती. मथळा होता: 'सर्वोत्तम खासगी महाविद्यालये'. मथळा बघूनच ती विकत घेतलेली, उघडली नव्हती.

"ऐका आता," म्हणून त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या नंबरावर मंडळाचं कॉलेज आलं. मंगेशचा आवाज थोडा उतरला. तो वाचत राहिला. दहा गेले, वीस गेले, तीस गेले. काचेचं कॉलेज चाळिसाव्या नंबरावर सापडलं, तोवर त्याने पुरवणी तोंडासमोर धरली होती.

गुरुजींनी भिंतीला टेकवलेली पाठ काढली. त्यांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिल्या. चौथं आणि चाळिसावं. एकसष्टावं आणि दुसरं. आपलं इंग्रजी कच्चं असावं असं त्यांना आधी वाटलं. मग मराठीही कच्चं असावं असं वाटलं.

ठकूबाईने मात्र ताबडतोब निदान केलं. मागल्या आठवड्यात चौथ्यावर असलेलं कॉलेज या आठवड्यात चाळिसाव्यावर घसरलं, याचा अर्थ एकच. "पाया कच्चा असंल. वरनं काच लावलीय, आत भुसभुशीत. पोरीला त्या इमारतीत ठेवायची नाय."

गुरुजींनी समजावायचा प्रयत्न केला की कॉलेज घसरतं ते कागदावर. "कागदावर घसरायला लागलं की मग खरं घसरतं," असं म्हणून म्हातारीने दरडीच्या बातम्यांचे दाखले दिले. मंगेशला वाटलं, मंडळवाल्यांनी वर्तमानपत्रवाल्यांना वालाच्या शेंगांची पोपटी खिलवून वळवलं असणार. चंद्राबाई गूळ आणायला आत गेली, तर गुळाच्या पुडीच्या कागदावर तिसरीच यादी निघाली. गुरुजींनी आशेने चिकट कागद उलगडला. त्या यादीत दोघांचंही नाव नव्हतं.

"म्हंजे ही दोन्ही कॉलेजं हायेत तरी का?" चंद्राबाईने काळजीने विचारलं. गुरुजींना त्या क्षणी तेही खात्रीने सांगता येईना.

शेवटी ठरलं की देवीला कौल लावायचा. वाडीत अडलेल्या गोष्टी तिथेच सुटत. देवीच्या दोन्ही खांद्यांना गुरव ओली फुलं चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. दिवसाला कौल मात्र एकच. म्हशीपासून सोयरिकीपर्यंत सगळं याच रीतीने पार पडलेलं. दुपारी सगळे देवळात जमले. वैशालीही आली आणि खांबाला टेकून बसली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पण फुलं तिनेच आणली होती.

गोमाजी गुरवाने फुलं लावली, हात जोडले आणि मागे वळून म्हणाला, "बोला. काय इचारू?"

"कुठलं कॉलेज चांगलं, ते विचार," गुरुजी म्हणाले.

"देवी हो म्हणती नायतर नाय म्हणती, गुरुजी. कॉलेजाचं नाव कसं सांगंल? नीट प्रश्न द्या."

आणि नीट प्रश्न द्यायची वेळ आली तेव्हा घोटाळ्याला खरी सुरुवात झाली. मंगेश म्हणाला, काचेच्या कॉलेजातून कंपनीत नोकरी लागेल का, हे विचार. चंद्राबाई म्हणाली, नोकरीचं मागनं बघू, पोर भातलावणीला घरी येईल का, ते आधी विचार. ठकूबाईला इमारत टिकेल का, एवढंच हवं होतं. बघता बघता देवळात भांडण लागलं.

गुरुजी गडबडीतून बाजूला झाले आणि सवयीने काहीतरी वाचायला म्हणून त्यांनी याद्यांखालचा बारीक मजकूर डोळ्यांजवळ धरला. दिल्लीच्या लोकांनी गुण दिले होते ते कंपन्या किती मुलं उचलतात याला, संगणकांना, परदेशात शिकून आलेल्या प्राध्यापकांना. मराठी वर्तमानपत्राने दिले होते ते ज्यांच्या घरात आधी कोणी शिकलेलं नाही अशा मुलांना किती जागा देतात याला, आणि आत आलेल्यांपैकी पदवी घेऊन बाहेर किती पडतात याला. जे भांडण या देवळात चाललं होतं, तेच त्या कचेऱ्यांमध्येही झालं असणार! आणि प्रत्येकाने आपापला प्रश्न विचारून नंबर लावले असणार.

ते सभामंडपाच्या मध्यभागी आले. त्यांनी सांगितलं की दोन्ही याद्या खऱ्या आहेत. काचेचं कॉलेज काढलंय ते मुलांना कंपनीत पोचवायला. मंडळाचं काढलंय ते डोंगरातलं पोर मध्येच गळू नये म्हणून. "एकाला विचारलंय, तुमची होडी किती जोरात जाते. दुसऱ्याला विचारलंय, तुमच्या होडीतून किती माणसं पार होतात. नंबर वेगळे येणारच. तेव्हा आधी आपल्याला काय पाहिजे ते ठरवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजींना वाटलं, आपण आयुष्यात एकदा तरी नीट समजावून सांगितलं.

"ते समदं बरोबर," ठकूबाई म्हणाली. "पन मग चौथा का एकसष्टावा?"

पुन्हा एकच कल्ला झाला. आणि त्या कल्ल्यात, कोणाचं लक्ष नसताना, टप्पकन् फूल पडलं.

उजवं.

"उजवा दिला," गोमाजी म्हणाला.

"बघा, नोकरी लागणार. मीच बोलत होतो तेव्हा," मंगेश म्हणाला. चंद्राबाईचं म्हणणं, तिच्या तोंडी तेव्हा लावणीचा शब्द होता. ठकूबाई म्हणाली, देवी म्हातारीचं आधी ऐकते. देवीने होकार दिला होता यात वाद नव्हता. कशाला दिला, एवढंच कोणाला ठाऊक नव्हतं. पुन्हा विचारायची सोय नव्हती. मुदत उद्याची होती. गोमाजीला गुरं सोडायला जायचं होतं, तो नुसता घंटेकडे बघत उभा होता.

गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं. मत न विचारलेलं देवळात एकच माणूस उरलं होतं.

"वैशाली," ते चाचरत म्हणाले, "तुला गो काय वाटतं?"

"मंडळाचं," वैशाली म्हणाली.

"ते दुसऱ्या नंबराचं हाय म्हणून?" ठकूबाईने विचारलं.

"नाय. माहितीपत्रात नियम दिलाय. त्यांच्या मुलींच्या वसतिगृहात भेटायला महिन्यातनं एकदाच सोडतात, ते पण तासभर. मधी कोणी न्यायला आलं तरी धाडत नाय."

"आन् लावणीला?" चंद्राबाईने विचारलं.

"लावणीलाच तर नाय धाडत. डोंगरातल्या पोरी लावणीला जातात त्या परत येत नाय, म्हणून मंडळानं नियमच केलाय." तिने मंगेशकडे पाहिलं नाही, पण पुढचं त्याच्यासाठीच होतं. "कोणाच्या पोरांचा अभ्यास पण घ्यायचा नाय. नुसता आपला आपण करायचा."

चंद्राबाईने पडलेलं फूल उचलून पदरात बांधलं. मंगेशने पुरवणीची घडी घातली. गोमाजीने संधी साधली. "यालाच हो म्हटलं असंल देवीनं," असं म्हणून त्याने घंटा वाजवली आणि देऊळ बंद केलं.

दुसऱ्या दिवशी प्रवेश झाला. वसतिगृहाच्या दारापर्यंत गुरुजींनी वैशालीची पेटी उचलून आणली. दारावर साळूबाई नावाची राखणदारीण स्टुलावर बसलेली होती. तिने पेटी आत घेतली, वैशालीला आत घेतलं आणि दार लावून घेतलं. गुरुजींनी रात्रभर जागून ठरवलेला उपदेश तोंडातच राहिला. देवळातल्या भाषणापासून त्यांना थोडा धीर आला होता.

"दोनच शब्द बोलायचेत," ते गजांतून म्हणाले.

"आज भेटीचा दिवस नाय."

"मग महिन्याने येतो."

"तुम्ही बाप का?"

"नाही. मी तिचा... म्हणजे चुलत आजोबा. यादी मीच वाचली होती."

साळूबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भेटायला फकस्त आईबाप," ती म्हणाली. "सल्ला देनाऱ्यांना आत घेत नाय."

गुरुजी विचार करत उभे राहिले. नियम चांगला वाटत होता. तसं वाटत होतं खरं.