कातळ रेडिओवरचा वीणेचा पहारा

या, थोडं पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या, कारण गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. नारायणगावात एक रेडिओ सुरू झाला, त्या दिवसाची ही हकिगत. मधे हसू आलं तर खुशाल हसा. शेवटी मात्र एक मागणं मागणार आहे, तेवढं ऐकूनच उठा.

रेडिओ होता हर्षालीचा. गोरख पखवाजवाल्याची ही थोरली लेक. पुण्यात ध्वनिमुद्रणाचं शिक्षण घेऊन आली आणि म्हणाली, आपल्या भागात ऑल्टरनेटिव्ह रॉकचा रेडिओ काढायचा. म्हणजे काय, असं गोरखनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, जे लग्नात डीजेवर वाजत नाही आणि टीव्हीवर दाखवत नाहीत, ते. गोरख म्हणाला, मग माझा पखवाजबी त्यातच आला. नाव ठेवलं कातळ रेडिओ. मोबाइलवर ऐकायचा. अट एकच, की त्यावर फक्त संगीत वाजणार. निवेदक नाही, विनोद नाही, जाहिरात नाही, नमस्कारसुद्धा नाही. बोललेला एक शब्द त्यावर ऐकू येणार नाही, असं तिनं पोस्टरवरच छापलं होतं.

अडचण होती खोलीची. बाजारतळामागं गोरखच्या थोरल्या भावाचा, चांगदेवचा, टोमॅटोचे क्रेट भाड्यानं द्यायचा धंदा. खाली गाळा, गाळ्यावर एक खोली. ही खोली दोघांच्या वडलांची, रखमाजींची. रखमाजी दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ती बंदच होती. हर्षालीनं तिथं रेडिओ मांडला आणि त्याच महिन्यात चांगदेवला वाटलं, की खालचे क्रेट फार झाले, थोडे वर चढवावेत.

भाऊभाऊ भांडले नाहीत. भांडण झालं असतं तर बरं, असं वाटावं इतके दिवस ते एकमेकांशी मोजकंच बोलत राहिले. शेवटी चांगदेवनंच तोड काढली. पुतणीला म्हणाला, "उद्घाटनापास्नं दिवे लागंपर्यंत तुझा रेडिओ वाजत राहिला पायजे. एकदाबी गप झाला, तर क्रेट वर. न्हाई झाला, तर खोली तुझी, मी पुन्यांदा त्वांड उघडनार न्हाई."

हर्षाली म्हणाली, "चालेल काका. पण मधे गप झाला हे तुम्हाला कसं कळणार?"

"ऐकनार की. आयुष्यात पयल्यांदा कानात ती वायर घालून बसनार हाय."

आता या खोलीतली एक वस्तू सांगायची राहिली. भिंतीवर खुंटीला, लाल खोळीत, रखमाजींची वीणा टांगलेली होती. रखमाजी गावच्या सप्त्यातले विणेकरी. तुम्हाला ठाऊकच आहे, सप्ता बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. याला पहारा म्हणतात: पुढचा गडी येईपर्यंत उभं राहायचं, बसायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. एकदा पुढचा गडी यायचाच विसरला, तर जेवणाच्या पंगती उठून पत्रावळी गोळा झाल्या तरी रखमाजी उभेच होते. खोली लावताना हर्षालीच्या मित्रांच्या बँडमधली पोरं म्हणाली, ही वीणा काढून ठेवू. हर्षालीनं ती काढू दिली नाही. इंग्रजी गिटारांची पोस्टरं तिनं वीणेच्या दोन्ही बाजूंना लावली.

उद्घाटनाला सुदर्शन अण्णा आले होते. अण्णांचं आणि भाषणाचं नातं असं, की पतपेढी उघडो, पिठाची गिरणी उघडो नाहीतर कुणाच्या दहाव्याचा कावळा शिवो, दोन शब्द अण्णांचेच. त्या दिवशीही फेटा बांधून, भाषणाचा कागद खिशात घालून ते हजर झाले. हर्षालीनं त्यांच्या हातून नारळ फोडून घेतला, त्यांना शाल दिली आणि बोलायचं नाही असं सांगितलं. अण्णांनी मान डोलावली, पण घरी गेले नाहीत. जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. केव्हातरी गरज लागेलच, असा त्यांचा अनुभव होता.

दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं. मग मंचरहून फोन आला. संध्याकाळी बँड खोलीतच वाजवणार होता आणि त्यातला ड्रमवाला हमदान मंचरला रस्त्यावर उभा होता. ठरवलेला टेम्पो ऐनवेळी कांदे भरून निघून गेला होता आणि शेअर जीपवाले ड्रम बघूनच पुढं जात होते. हर्षाली काकांकडं पिकअप मागायला गेली. चांगदेवनं किल्ली इतक्या आनंदानं दिली, की तिला तिथंच शंका यायला हवी होती. रेडिओ गोरखच्या हवाली करून जायचं म्हणजे खोली क्रेटच्या हवाली करणं, असा काकांचा हिशेब होता.

निघताना तिनं वडलांना समजावलं, "आप्पा, कशाला हात लावू नका. लॅपटॉपमधून गाणी जातात, ती या डबीतून नेटवर. काही अडलंच, तर हे पिवळं बटण वर सरकवा, माइक चालू होईल. मग त्याच्यापुढं काहीही वाजवा, पण आवाज तुटू देऊ नका. आणि बोलू नका. कुणालाच बोलू देऊ नका."

"म्हंजी पहाराच की," गोरख म्हणाला.

ती गेली आणि थोड्याच वेळात लॅपटॉपनं स्वतःला अपडेट करायचं मनावर घेतलं. हर्षाली महिनाभर त्याला उद्या, परवा म्हणत होती. पडदा निळा झाला, गाणं अर्ध्यात थांबलं. गोरखनं बटण वर सरकवलं. पखवाज घरी होता. एका हातानं टेबलावर ठेका धरत त्यानं इकडं तिकडं पाहिलं, खुंटीवरची खोळ उतरवली, वीणा कपाळाला लावली, गळ्यात घातली आणि तारा छेडल्या.

नाम घ्यायला ओठ उघडले आणि त्याला लेकीचे शब्द आठवले. ओठ हलत राहिले, आवाज मात्र त्यानं आतच ठेवला.

लॅपटॉप उजळला, पण पासवर्ड मागत बसला. गोरखला तो ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी टायपायला हात मोकळे नव्हते, आणि वीणा खाली ठेवायची हा विचार त्याच्या डोक्यातही आला नाही. तेवढ्यात साळुबाई चहा घेऊन आली. ही चांगदेवची बायको, बायकांच्या भजनी मंडळात झांज धरणारी. दिरानं डोळ्यांनी माइक दाखवला, मग लॅपटॉप, मग वीणा. सप्त्यात वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. तिनं चहा ठेवला, पदर खोचला, वाकून नमस्कार केला आणि वीणा गळ्यात घेतली.

गोरखनं लॅपटॉपवर आधी लेकीचं नाव घालून पाहिलं, मग रामकृष्णहरी. दोन्ही चालेनात. तो बाहेर जिन्यात आला आणि त्यानं तिला फोन लावला. फोन खोलीतच वाजला. ती तो चार्जिंगलाच विसरून गेली होती. रिंगटोन म्हणून गिटारीचा एक तुकडा होता, तो माइकमधून थेट गेला. कातळ रेडिओवर त्या दुपारी वाजलेलं रॉक म्हणावं असं तेवढंच. गोरखनं स्कूटर काढली आणि तो मंचरच्या रस्त्याला लागला.

साळुबाईला एव्हाना आठवलं होतं, की आपण दूध गॅसवर ठेवून आलोय. तेवढ्यात दारातून फेटा आत आला. माइकवरचा लाल दिवा लागलेला पाहून अण्णांना वाटलं, आपली वेळ झाली. त्यांनी कागद उलगडला आणि घसा खाकरला. तो खाकरा तालुकाभर गेला. पुढचा शब्द येण्याआधी साळुबाईनं वीणा त्यांच्या गळ्यात घातली, त्यांच्या पाया पडली आणि दुधाकडं धावली.

वीणा गळ्यात आली, म्हणजे बोलणं संपलं. अण्णांच्या तोंडाशी आलेलं "आदरणीय व्यासपीठ" तिथंच विरलं. ते उभे राहिले. हातात भाषण, त्याच हाताखाली तारा. आयुष्यात पहिल्यांदा अण्णा माइकसमोर गप्प होते.

खाली चांगदेव कानात वायर घालून बसला होता. गाणं थांबलं तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठला होता आणि ठेका आणि मग तार वाजली तसा पुन्हा बसला होता. पोरांची काहीतरी नवी तऱ्हा असेल, असं त्याला आधी वाटलं. मग ती तार कानात नीट पोचली. रखमाजींच्या वीणेची एक तार किंचित झिणझिणायची. कितीदा जुळवली तरी ती तशीच. चांगदेव लहानपणी सप्त्याच्या मांडवात ज्या पायांशी झोपायचा, त्या पायांवरून हा आवाज खाली यायचा. तो चिडून उठला. निदान आपण चिडलोय असं त्याला वाटलं. ही कुणाची वीणा आणि कुठं वाजवतायत, हे गाणं धरायचं नाही, पैज आपण जिंकली, हे सांगायला तो जिना चढला.

दारात माणूस दिसताच अण्णा पुढं सरसावले. त्यांनी वीणा उतरवली, चांगदेवच्या गळ्यात घातली, त्याच्या पाया पडले आणि तो तोंड उघडायच्या आत बाहेरही पडले. जिन्यावर बसून त्यांनी आधी पिंढऱ्या दाबल्या.

चांगदेव खोलीत एकटा उरला. गळ्यात बापाची वीणा, समोर चटई. वाकून वीणा चटईवर ठेवायची, की आवाज बंद आणि खोली क्रेटची. बघायला कुणी नव्हतं. तो वाकला. वाकताना तार आपोआप छेडली गेली आणि तो तसाच वर झाला. पुन्हा एकदा वाकला आणि पुन्हा उभा राहिला.

तेवढ्यात खालून हाक आली. नवाबभाई, टोमॅटोचे व्यापारी, क्रेट न्यायला आले होते. "ओ चांगदेवशेठ, हायसा का? माल उन्हात हाय माझा!"

उत्तर देता येत नव्हतं. चांगदेव तार छेडत खिडकीपर्यंत गेला आणि त्यानं मानेनंच खूण केली, घ्या. नवाबभाईंनी बोटानं विचारलं, किती? चांगदेवनं पुन्हा मान हलवली, घ्या लागतील तेवढे. ज्या माणसानं सख्ख्या भावालाही क्रेट मोजल्याशिवाय दिला नव्हता, त्याच्या दारातून त्या दिवशी गाडी भरून क्रेट न मोजता गेले. नवाबभाईंनी गळ्यातली वीणा पाहिली, कपाळाला हात लावून सलाम केला आणि मोठ्यानं काही न विचारता क्रेट उचलले.

ऊन भिंतीवरून उतरलं. चांगदेवचे गुडघे आधीच दुखरे, ते आता बोलायला लागले. वर कुणी आलं नाही. साळुबाईला वाटलं अण्णा उभे आहेत, अण्णांना वाटलं चांगदेव जागेचा धनी आहे, तो बघून घेईल. पंगती उठल्या तरी उभा असलेला आपला बाप त्या वेळी कशाकडं बघत असेल, असं चांगदेवच्या मनात आलं, आणि मग त्याला राहवलं नाही. तो गायला लागला. रामकृष्णहरी एवढंच, पण रखमाजींच्या चालीत, खाली जाऊन मग हळूच वर येणाऱ्या. बोलायला बंदी होती. गाणं हे बोलणं नव्हे, हे गोरखला सुचलं नव्हतं, ते याच्याकडून न सुचताच घडलं.

हर्षाली, हमदान आणि गोरख जिना चढून आले, तेव्हा ते दारातच थांबले. काकांचे डोळे मिटलेले होते. हमदाननं चपला काढल्या, ड्रमचं सामान आवाज न करता खाली ठेवलं आणि त्यातली एकच थाळी घेऊन काठीच्या टोकानं ती हलकेच, झांजेसारखी, त्या चालीत मिसळली. गिटारवाला पोरगा मागून आला, त्यानं झिणझिणणाऱ्या तारेचा सूर शोधला आणि तो धरून बसला. गोरखला पखवाज नव्हता, म्हणून त्यानं एक रिकामा क्रेट उपडा घातला.

खाली बाजारात दिवे लागले. चांगदेवनं डोळे उघडले, समोर पुतणी उभी. ती वाकून पाया पडली आणि तिनं गळा पुढं केला. चांगदेवनं वीणा तिच्या गळ्यात घातली. मग तोही वाकला. दुखऱ्या गुडघ्यांनी, भिंतीला धरून, पुतणीच्या पायांना हात लावून उठला, कारण रीत तशीच आहे. तिच्या कानाशी तोंड नेऊन हळूच म्हणाला,

"आता खाली ठिवू नगंस."

कातळ रेडिओवर बोललेलं हे एकच वाक्य गेलं. हर्षालीनं पोस्टर बदललं नाही, पण रेकॉर्डिंगमधून हे वाक्य पुसलंही नाही.

खोलीत शेवटी क्रेट आलेच. उपडे घालून त्यांच्यावर बँड बसतो आणि सुट्टीच्या दिवशी चांगदेवही. त्याच्या कानातली वायर आता निघत नाही. नवाबभाईंनी क्रेट मोजून परत आणून दिले, तेव्हा त्यानं ते मोजले नाहीत. घोडेगावच्या एका पोरानं रेडिओला लिहून पाठवलं, की दुपारचं ते गाणं जरा लांबलं, पण दुसरा गायक पहिल्यापेक्षा बरा होता. पहिला गायक म्हणजे कोण, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. अण्णा म्हणतात, ते खाकरले तेच असणार.

आता माझं मागणं. पुढच्या वेळी कीर्तनाला जाल, तेव्हा बुवांकडं बघालच. पण जरा बाजूला, खांबापाशी, गळ्यात वीणा घेऊन एक माणूस उभा असेल. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नसतं. त्याच्याकडं बघा, आणि पंगती उठल्या तरी उभ्या राहिलेल्या रखमाजींची तेवढी आठवण ठेवा.