गौरीसाठी पावशेर फेफडं

अन्याय झाला तो शिवलिंगअप्पांवर. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, आमच्या गावच्या मठात, दिवेलागणीला पंगत बसली, वरणभात वाढून झाला, आणि पहिला घास उचलायच्या आत कारभाऱ्यांनी अप्पांच्या पुढची पत्रावळ ओढून घेतली. त्या पंगतीचं वरण अप्पांनीच शिजवलं होतं. वीस-बावीस वर्षं तेच शिजवत आले आहेत. ते वरण मात्र कुणी सोडलं नाही. लोकांनी दोनदा मागून घेतलं.

गुन्हा काय? अप्पांनी मांजरीसाठी बकऱ्याचं फेफडं विकत घेतलं.

मी पत्रकं लिहितो. वेठबिगारीवर लिहिलं, शिंदीच्या दुकानावर लिहिलं. मांजरीच्या जेवणावर लिहायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं. गावानं ती आणली.

अप्पा माझे शेजारी. साठी उलटलेली, अंगानं काटकुळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात तीन मांजरं, म्हातारी गौरी आणि तिचे दोन बोके. मांजरांना द्यायचं ते आधी स्वतः चाखून पाहायचं, ही अप्पांची खोड. भाकरी कुस्करली की एक चिमूट तोंडात. दूध आलं की एक घोट, आणि तो घोट गवळणीसमोर बराच वेळ घोळवायचा.

"काल म्हशीला ओढ्याचं गढूळ पानी पाजलं का तुमी?"

"अगं बाई! अप्पा, दूध मांजरीला का तहसीलदाराला?"

"तहसीलदार वरडून सांगतो. ही कुनाला सांगंल?"

आता अप्पांची चूकही सांगतो, कारण लपवालपवी आमच्या धंद्यात बसत नाही. अप्पा सोमवार धरत, म्हणून मांजरांनाही सोमवार. दिवसभर उपास, संध्याकाळी दूधभाकरी आणि वर गुळाचा खडा. "घरात एकानं धरायचा अन् दुसऱ्यानं मोडायचा, बरं दिसतं का?" इतर दिवशीही भाकरीच. बोके हुशार होते, ते बाहेर उंदरांवर भागवत. गौरीला म्हातारपणी उंदीर धरवेना. तिची लव झडली. तिन्हीसांजेला ती उंबऱ्याला धडकू लागली. अप्पांनी तूप दिलं, मुगाचं कढण दिलं. ती वास घ्यायची आणि अप्पांच्या तोंडाकडे बघत बसायची.

गावात बैल तपासायला सरकारी सलोत्री, म्हणजे गुरांचे डॉक्टर, आले. अप्पा बैलांच्या रांगेत गौरीला उपरण्यात घेऊन उभे राहिले. सलोत्र्यांनी तिचे डोळे उघडून पाहिले.

"क्या खिलाते?"

"भाकर, दूध. सोमवारी उपास."

"अप्पा, बिल्ली है ये. जोगन नक्को बनाओ इसको. गोश्त खिलाओ, नहीं तो आँखाँ जाते."

चौथ्या दिवशी अप्पा माझ्या दारात आले.

"उपास मी धरला अन् डोळं तिचं चाललं. पाप कुनाचं, बाबा?"

मी आपला सरळ बोलणारा. म्हणालो, "तुमचं."

"मग बाजारला चल."

घाटनांदूरचा बाजार. भर उन्हात डोक्यावरून उपरणं घेऊन अप्पा बाबूभाई खाटकाच्या दुकानापुढे उभे राहिले. जन्मात भाजीखेरीज काही घेतलं नव्हतं. मांसाला त्यांनी नखानं टोचून पाहिलं.

"कवळं हाय का?"

"अप्पा, भेंडी न्हाई ती."

"आजच तोडलंय?"

"सकाळीच."

"जून निघालं तर परत घ्याल?"

बाबूभाई सज्जन माणूस. हसू बाहीत दडवून म्हणाले, "मटणाच्या भानगडीत कावून पडता? पावशेर फेफडं घ्या, वर कलेजीचा एवढा तुकडा. स्वस्तात पोट भरंल, अन् अंगाला लागंल. मीठ, कांदा घालू नका बरं." अप्पांनी हे दोनदा वदवून घेतलं.

घरामागे वेगळी चूल मांडली, वेगळं मडकं आणलं. नाकाला फडकं बांधून अप्पा फेफडं शिजवत. चाखता येत नव्हतं, त्याचाच त्यांना जास्त त्रास. "लई फिकं लागत आसंल का रे?" मला विचारायचे. मला काय माहीत! शिजवून झालं की अंघोळ, नवी विभूती, मग मठाचा स्वयंपाक. दीड महिन्यात गौरीच्या अंगावर लव आली. डोळा पुरता सुधारला नाही, पण उंबरा चुकवायला ती शिकली.

घात केला तो बाबूभाईंच्या आदरानं. भर बाजारात, आमचे कारभारी शेजारी उभे असताना, त्यांनी हाक मारली, "अप्पा, तुमचं फेफडं बांधून ठिवलंय!"

मग तो सोमवार. कारभाऱ्यांनी पंगतीतच विचारलं, "फेफडं कुनासाठी, अप्पा?"

"गौरीसाठी."

"मांजराला भाकर पुरत न्हाई?"

"तुमी नुसता भात खाता का? वरन कावून लागतं?"

पंगतीत कुणीतरी फिस्सकन हसलं. तेच कारभाऱ्यांना लागलं, आणि पत्रावळ गेली. अप्पा धोतर झटकून उठले. मीही त्याच पंगतीत होतो. बोललो नाही. पोटभर जेवलो. हे छापलं पाहिजे, म्हणून छापतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी माफी मागायला गेलो. लग्नाच्या वरणाला डाळ किती, मीठ किती, विचारायला ज्या घरी माणसं रांग लावत, तिथं चिटपाखरू नव्हतं. अप्पा अंगणात बसले होते. हातात भाकरी, पुढ्यात गौरीची वाटी.

"बस. हिला एकटीला जेवन जात न्हाई. कुनीतरी म्होरं बसावं लागतं."

गौरीनं वाटी केव्हाच चाटूनपुसून ठेवली होती आणि ती भिंतीवर बसून मिशा साफ करत होती. अप्पांच्या हातातली भाकरी मात्र मोडलेली नव्हती. कालपासूनची असावी, कडा वर वळल्या होत्या.

माफीचं वाक्य घोकून आणलं होतं. ते राहिलं. म्हणालो, "अप्पा, मला भूक लागलीय."

अप्पा इतक्या घाईनं उठले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. माझ्याबरोबर त्यांनी तीन खाल्ल्या.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, कारभाऱ्यांशी भांडायचं ते मी भांडतो. तुम्ही एवढंच करा. उद्या दुपारी आपल्या घरी जेवू नका. मठामागच्या गल्लीत शेवटचं दार, ते उघडंच असतं. आत जा, हातपाय धुवा, मांडी घालून बसा आणि म्हणा, "अप्पा, वाढा."