नॉर्मल, पण कधीपासून?

मनुष्यजातीने लावलेल्या शोधांत अग्नी आणि चाक यांची नावं आदराने घेतली जातात. ‘नॉर्मल’ या शब्दाचं नाव कुणी घेत नाही, ही मोठी कृतघ्नता आहे. अग्नीने हात भाजतो, चाकाखाली पाय सापडतो. ‘नॉर्मल’ने मात्र आजवर एकाही माणसाला इजा झाल्याची नोंद नाही. (ज्यांना झाली, त्यांची इजा नॉर्मल होती.)

शब्द मूळचा इंग्रजी. आपल्याकडे तो पाहुणा म्हणून आला आणि आता घराच्या किल्ल्या त्याच्याकडेच असतात. दुकानात पाणी दोन प्रकारचं मिळतं, थंड आणि नॉर्मल. उन्हाळ्यात नॉर्मल पाण्यात थेट चहाची पूड टाकता येते. डॉक्टर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणतात तेव्हा एखाद्या काकांचा चेहरा पडतो, कारण आता घरी जाऊन सांगायचं काय? ‘तुमचा मुलगा अगदी नॉर्मल आहे हो’ असं वर्गाच्या बाई म्हणाल्या, तर तुमचा मुलगा कोणता हे बाईंना आठवत नाहीये असं समजावं. ‘आम्ही आपली नॉर्मल माणसं’ अशी सुरुवात करणाऱ्याला पुढे काहीतरी भलतंच मागायचं असतं. आणि ‘फोनवर बायकोचा आवाज नॉर्मल होता’ असं एखादा ऑफिसात सांगू लागला, तर हितचिंतकांनी त्याला त्या दिवशी घरी जाऊ देऊ नये.

तरीही या शब्दाचं खरं कर्तृत्व बघायचं असेल तर आमच्या कंपनीत यावं.

आम्ही लिफ्टची देखभाल करतो. ऑफिसात आम्ही तिघं: साहेब, मिस्त्री आणि मी. मी तक्रार विभाग आहे, म्हणजे फोनशेजारची खुर्ची. मला कामावर घेताना साहेबांनी एकच प्रश्न शिकवला, ‘कधीपासून?’ तक्रारदार म्हणाला, ‘आजपासून’, तर सांगायचं, ‘आजच ना? मग चार दिवस बघा, आपोआप बसेल.’ आणि तो म्हणाला, ‘बरेच दिवस झाले’, तर सांगायचं, ‘इतके दिवस आहे ना? मग ते नॉर्मल आहे.’

या दोन उत्तरांच्या मध्ये तक्रार मान्य होईल असा एखादा दिवस असतो का, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “असतो. पण त्या दिवशी लोक फोन करायला विसरतात.” या पद्धतीमुळे आमच्याकडे शंभर टक्के तक्रारींचं निवारण होतं. (उरलेल्या तक्रारींची टक्केवारी काढलेली नाही, कारण उरत नाहीत.)

अशा सुरळीत कारभारात एके दिवशी फोन आला तो माझ्या मावशीचा.

मावशी सहाव्या मजल्यावर एकटी राहते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पण जीभ अजून धावते. रोज चार वाजता खाली उतरायचं आणि मागच्या बागेतल्या सिमेंटच्या टेबलावर तीन मैत्रिणींबरोबर रमी खेळायची, हा तिचा नेम. ती हरायची क्वचित, आणि हरली की पत्ते नीट पिसले नव्हते असं निघायचं.

“अरे गधड्या, तुमची लिफ्ट मजल्यावर थांबत नाही. वीतभर वर थांबते. मी काय उडी मारू?”

“कधीपासून, मावशी?” मी विचारलं. नात्यातल्या माणसाला वेगळा नियम लावणं आमच्या कंपनीत बसत नाही.

“आत्तापासून. आजपासून!”

“मग चार दिवस बघ. आपोआप बसेल.”

“तू लहानपणी आपोआप बसायचास का रे? पाठीत धपाटा घालावा लागायचा.”

तरी तिने चार दिवस बघितलं. लिफ्ट बसली नाही, वीतभराची हातभर झाली. मावशीने परत फोन केला. आता त्याला बरेच दिवस झाले होते, त्यामुळे ते नॉर्मल होतं, आणि तसं मी तिला सांगितलं.

मिस्त्रीला मात्र मी विचारलं. तो नखं कापत होता. “गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत एक पट्टी सरकली असणार,” तो म्हणाला. “जागेवर ढकलली की झालं.”

“मग जा ना.”

“कसा जाऊ भाऊ? बिघाड असेल तर दुरुस्तीला जाता येतं. बिघाड कुठाय? तूच नॉर्मल म्हणालास ना?” मी परत फोनशेजारी जाऊन बसलो. पद्धत चोख असली की असं होतं.

इमारतीतल्या लोकांचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. प्रत्येक मजल्यावर लिफ्टपाशी एक प्लास्टिकचं स्टूल आलं. स्टुलं चोरीला जाऊ लागली म्हणून त्यांना साखळ्या आल्या. साखळ्यांत पाय अडकू लागले म्हणून ‘साखळीपासून सावध’ अशा पाट्या आल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्टुलांच्या रंगावर सभा घेतली, तीत दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं. तिसऱ्या मजल्यावर नव्याने आलेल्या भाडेकरूंना तर लिफ्ट अशीच असते असं वाटत होतं, दुसऱ्या एका इमारतीत लिफ्ट मजल्याला लागून थांबलेली पाहून त्या गृहस्थांनी वॉचमनला हटकलं, “तुमच्याकडे स्टूल नाही ठेवत का?”

या सर्वांगीण प्रगतीत एकच माणूस मागे राहिला. मावशीचा गुडघा स्टुलावर चढेना. एकदा तिने प्रयत्न केला, जाळीचा दरवाजा धरून. तेव्हा तिची डाव्या पायातली चप्पल लिफ्टखालच्या फटीतून निसटली आणि थेट तळाच्या खड्ड्यात गेली. मावशीने त्या फटीत एकदा वाकून बघितलं, असं शेजारीण म्हणाली. मग एका चपलेने घरात परत गेली.

सुरुवातीला मैत्रिणी खालून हाका मारायच्या. मावशी गॅलरीतून ओरडून सांगायची, कुणी कुठलं पान टाकायला हवं होतं. सहाव्या मजल्यावरून पत्ते दिसत नाहीत, पण मावशीला चुका दिसायच्या. मग मैत्रिणींना चौथी भिडू मिळाली. तीही बरी खेळते म्हणे. मी दर रविवारी जायचो. मग एक रविवार पाऊस होता, एक रविवार मॅच होती, आणि फोन तर कुठूनही करता येतो.

“कशी आहेस?”

“मला काय धाड भरलीय? नॉर्मल.”

आणि मग एक दुर्घटना घडली: लिफ्ट दुरुस्त झाली.

यात कंपनीचा काही हेतू नव्हता, हे मी आधीच स्पष्ट करतो. खालच्या खड्ड्यातून वास येतो म्हणून मिस्त्रीला पाठवलं होतं. (वास दुरुस्तीत मोडत नाही, स्वच्छतेत मोडतो.) लिफ्ट बंद करायला तो वरच्या खोलीत गेला, तिथे उंदीर पाहून दचकला, आणि त्याचं कोपर लागून ती पट्टी टकदिशी जागेवर बसली. कंपनीच्या इतिहासातली ही पहिली दुरुस्ती, आणि ती एका उंदराने केली.

संध्याकाळपर्यंत फोनची रांग लागली. लिफ्ट मजल्याला लागून थांबत होती. सवयीने पाय उचलून लोक हवेत पाऊल टाकत होते आणि आपटत होते. दुसऱ्या मजल्यावरचे वकील स्टुलावरून थेट लिफ्टच्या छताला लागले. सेक्रेटरी फोनवर ओरडत होते: “अहो, हे काय चाललंय? म्हातारी माणसं राहतात इथे!”

त्याच गर्दीत मावशीचाही फोन आला. आवाज एकदम तरणाताठा. “काय रे, लिफ्ट नीट झाली म्हणतात? खरं का?”

“हो मावशी.”

“मग उद्या चारला उतरते. त्या नव्या बाईला जरा रमी दाखवते.”

फोन ठेवला तर साहेब माझ्यासमोर उभे. चेहरा पांढरा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ‘कधीपासून’ विचारलं नाही. “तातडीने माणूस पाठव,” म्हणाले, “आणि लिफ्ट होती तशी कर.” मिस्त्रीने सकाळी जाऊन पट्टी परत सरकवली. इमारतीने आम्हाला आभाराचं पत्र दिलं. ते साहेबांच्या टेबलामागे फ्रेममध्ये आहे.

मिस्त्री येताना खड्ड्यात सापडलेल्या वस्तू घेऊन आला: किल्ल्यांचे जुडगे, अर्धी कवळी, एक खुळखुळा आणि मावशीची चप्पल. चप्पल मी चार वाजता स्वतः नेऊन दिली. जिन्याने गेलो. सहाव्यावर लिफ्ट पुन्हा हातभर वर उभी होती, मावशीच्या दारातून दिसेल अशी. मावशी दारातच उभी होती, इस्त्रीची साडी नेसून, हातात पत्त्यांचा जोड. एका पायात चप्पल.

तिने माझ्या हातातली चप्पल घेतली, उलटी करून तळ बघितला. “झिजलेली नाही फारशी,” म्हणाली. मग पायातली काढली, दोन्ही नीट जोडून रॅकवर सगळ्यात वरच्या खणात ठेवल्या, आणि विचारलं, “चहा घेणार ना?”

चहा नॉर्मल होता.

आता वाचकांच्या सोयीसाठी आमची पद्धत घरगुती वापराला खुली करत आहोत. तुमचंही कुणीतरी कुठल्यातरी वरच्या मजल्यावर असेल. फोनवर ‘सगळं नॉर्मल’ म्हणत असेल. तुम्ही तिकडे गेला नाहीत, ते कधीपासून? उत्तर ‘परवापासून’ असेल, तर चार दिवस बघा.

आणि आठवतच नसेल, तर मग काळजीचं काहीच कारण नाही.