वन्सं आणि शाळेचं घड्याळ

आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात पुण्याहून आलेले गवई रंगात आले होते. आलाप असा काही चढत चालला होता की पुढच्या रांगेतली डॉक्टर मंडळीसुद्धा मोबाइल खिशात घालून ऐकत होती. तेवढ्यात आमच्या वन्सं उठून उभ्या राहिल्या. पर्स खांद्याला, हात जोडलेले, डोळे मिटलेले. गवयांना वाटलं, बाई भारावल्या. त्यांनी आलाप आणखी वर नेला. वन्सं मिनिटभर तशाच उभ्या होत्या. मग खाली बसल्या आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, "शाळा भरली."

आलाप जो कोसळला तो पुन्हा काही उभा राहिला नाही.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची मोठी बहीण. नाव सुशीला. राहायला लंडनमधल्या हाउन्सलोला, विमानं छपरावरून जातात त्या रस्त्यावर. आणि जी शाळा भरली ती हाउन्सलोची नव्हे, तर फिजीच्याही पलीकडच्या एका चिमुकल्या बेटावरची. बेटाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. लग्न होऊन मी या देशात आले तेव्हा माझं ज्ञान इतकं अगाध होतं की पॅसिफिक हे अंगाच्या साबणाचं नाव असावं अशी माझी समजूत होती. मॅट्रिकला भूगोलात मला पहिला वर्ग होता. माझ्या भूगोलाच्या बाईंचा आत्मा कुठेही असो, त्याला शांती लाभो.

वन्सं इथल्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या. त्यांच्याबरोबर काही वर्षं त्या बेटावरची एक बाई शिकवत होती. ती परत गेली आणि तिथल्या शाळेची हेडमिस्ट्रेस झाली. निघताना ती म्हणाली, आमच्याकडे पोरं भरपूर आहेत, पुस्तकं नाहीत. झालं. वन्सं निवृत्त झाल्या आणि त्यांच्या पुढच्या खोलीत संस्था सुरू झाली. पगारी माणूस एकही नाही. अध्यक्ष वन्सं, चिटणीस मी. हमाल, वाहनचालक आणि जहाजखात्याचे मंत्री ब्रायन. ब्रायन त्यांचा शेजारी, आयुष्यभर विमानतळावर मालाच्या पेट्या हलवलेला. पुढे मंडळातली आणखी चारसहा माणसं आली, त्यांत पुण्याची मीनल, सॉफ्टवेअरवाली.

वन्सं स्वतः त्या बेटावर कधीच गेल्या नाहीत. मुंबईहून इकडे येताना त्या जन्मात एकदाच विमानात बसल्या आणि उतरल्यावर त्यांनी कानाला खडा लावला. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान जायचं, पण त्या माहेरीसुद्धा परत गेल्या नाहीत. त्यांचे यजमान इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते, ते फार लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून वन्सं शरीराने हाउन्सलोला असत आणि वेळेने बेटावर.

त्यांच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती. एकाखाली चिठ्ठी 'घर', दुसऱ्याखाली 'शाळा'. आता गंमत अशी, की ते बेट आपल्यापेक्षा बरोबर अर्धा दिवस पुढे. त्यामुळे हिवाळाभर दोन्ही घड्याळांचे काटे अगदी एकसारखे; उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे करतात, तेवढाच काय तो फरक.

ब्रायनने एकदा विचारलं, "सुशीला, दोन्ही तेच दाखवतात, मग दोन कशाला?"

"तेच कसं? ते दुसरं उद्याचं आहे," वन्सं म्हणाल्या.

ब्रायनने बराच वेळ उद्याच्या घड्याळाकडे पाहिलं आणि आलं घातलेलं बिस्किट चहात बुडवलं.

सकाळी नऊला फोन केला तर वन्सं कुजबुजत बोलायच्या. "हळू बोल, मालू. तिकडे पोरं झोपलीत." शुक्रवारी संध्याकाळी मात्र बाई मोकळ्या, कारण तिकडे शनिवार. तेव्हा लावणीला न्या, पिक्चरला न्या. आणि कुणी कसलंही रडगाणं लावलं, पोळ्या करपल्या म्हणा, व्हिसा नाकारला म्हणा, की वन्संचं ठरलेलं वाक्य: "असू दे. तिकडे उद्याचा दिवस उजाडलासुद्धा." हे गेले त्या संध्याकाळी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हेच म्हणाल्या. मला तेव्हा राग आला होता. आता वन्संना जाऊन दोन वर्षं होतील, आणि तेच वाक्य मी कधीकधी स्वतःला म्हणून बघते. त्यांच्या आवाजात म्हटलं तरच लागू पडतं.

पण वन्संचं खरं वेड वेगळंच होतं. कव्हरं.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळ्यांनी हाउन्सलोला जमायचं आणि बेटावर जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर घालायचं. जूनच का? इथल्या शाळा सप्टेंबरात सुरू होतात, तिकडच्या जानेवारीत. मी हे एकदा सांगून पाहिलं. "शाळा जूनमध्येच सुरू होते," वन्सं म्हणाल्या. "बाकीच्या देशांना उशीर होतो, त्याला आपण काय करणार?" जहाजाला इतके महिने लागायचे की पेट्या शेवटी वेळेवरच पोचायच्या, त्यामुळे त्यांचं म्हणणं खोटंही पाडता येत नसे.

चिकटपट्टीला त्या घरात मज्जाव. "चिकटपट्टी म्हणजे आळशी माणसाची कला," असं त्यांचं मत. खळ लागायची, तीही घरची. मोठ्या पातेल्यात मैद्याची खळ शिजायची आणि घरभर तो वास पसरायचा, ओलसर, गोडसर, जूनमधल्या नव्या इयत्तेचा. लहानपणी आमच्याकडे खळीत मोरचूद घालत, किडे लागू नयेत म्हणून. वन्सं घालत नसत. "विषारी असतं ते. पोरं पुस्तक तोंडात घालतात."

"चौथीतली?" मी विचारलं.

"तू चौथीत काय काय तोंडात घालत होतीस ते तुझ्या आईला विचारायला हवं होतं मी."

कव्हराचा कोपरा कापायचा नाही, आत वळवायचा. मग पुस्तकांची चळत, तिच्यावर पाट, आणि पाटावर ब्रायन, कारण आमच्यात तोच वजनदार. त्याला मराठीतला एकच शब्द येत होता. दारातूनच ओरडायचा, "सुशीला, खळ रेडी?" आणि मग चहाचा कप घेऊन पाटावर बसायचा, साखरपुड्याला बसवलेल्या नवरदेवासारखा. मीनल त्याचे फोटो काढायची. "काकू, कसलं क्यूट आहे हे!" दुपारी वन्संच्या हातची मसालेभाताची परात. संध्याकाळी हाताला खळ, केसाला खळ, आणि शाळेच्या घड्याळात आठ वाजले की वन्संबरोबर सगळ्यांनी प्रार्थनेला उभं राहायचं. ब्रायन पाटावरून उठायचा नाही, तेवढी त्याला सूट होती.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग बेटावर बरं इंटरनेट पोचलं.

मीनलने वन्संच्या टीव्हीवर व्हिडिओ कॉल जोडून दिला. रविवारची संध्याकाळ, तिकडे सोमवारची सकाळ. पोरांनी गाणं म्हटलं. हेडमिस्ट्रेसबाईंनी कॅमेरा फिरवून वाचनालय दाखवलं. आणि मीनल टीव्हीच्या अगदी जवळ गेली.

"काकू," ती म्हणाली, "लिटरली सगळी कव्हर्स खाल्लीयेत."

खरंच. फळीवर पुस्तकं उघडी, कडांना तपकिरी चिंध्या, आणि पाठींवर कुरतडल्याच्या नक्ष्या. दमट हवा, मैद्याची खळ, मोरचूद नाही. झुरळांना आम्ही दरवर्षी लंडनहून पंगत पाठवत होतो. हेडमिस्ट्रेसबाई हसून म्हणाल्या, "आमची झुरळं तुमची फार आभारी आहेत." ब्रायन इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

वन्सं हसल्या नाहीत. त्या उठून चहा टाकायला गेल्या.

मी तेव्हा सदुसष्ट वर्षांची होते, म्हणजे भलतीच तरुण आणि कर्तबगार. चिटणीस असल्याचं माझ्या अंगात आलेलं होतं. गळ्यात चष्म्याची साखळी, तोंडात 'सिस्टिम' हा शब्द. मी दोन आठवड्यांत सगळी व्यवस्था बदलून टाकली. पुस्तकं आता फिजीतूनच थेट जायची, तिथल्या अभ्यासक्रमाची. प्लॅस्टिकची तयार कव्हरं तिथेच मिळायची, पोरं आपली आपण चढवायची. मीटिंगही मोबाइलवर, मीनलने ग्रुप काढला. हाउन्सलोला जायचं कुणाला कारणच उरलं नाही. मी ठराव वाचून दाखवला, सगळ्यांनी अंगठे वर केले. वन्संच्या चौकोनात फक्त त्यांचं कपाळ आणि वरचा दिवा दिसत होता. त्या म्हणाल्या, "बरं."

आयुष्यभर ज्या बाईने माझं एकही वाक्य वाद घातल्याशिवाय सोडलं नाही, ती 'बरं' म्हणते, आणि मला वाटतं काय, तर माझं वक्तृत्व!

मी राहते त्या वेम्बलीहून हाउन्सलो काही फार लांब नाही. पण निमित्त नसलं की फार लांब. गुडघे, पाऊस, नातवंडं, ट्रेनची दुरुस्ती, काही ना काही असायचंच. फोन करायचे मी. त्या सकाळी कुजबुजायच्या, संध्याकाळी शाळा भरवायच्या. मला वाटायचं, ठीक आहेत.

दोन वर्षांनी त्यांचं पुरणयंत्र माझ्याकडे राहिलं होतं, ते परत द्यायला गेले. तारखेचा विचार केला नव्हता. मी बेल वाजवायच्या आतच दार उघडलं. वन्संच्या कमरेला ॲप्रन, हातात ब्रश.

"आलीस? ये, खळ निवतेच आहे."

आणि त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे, रस्त्यावर बघितलं. माझ्यामागे कुणी नव्हतं. ब्रायन तर वर्षापूर्वीच एडिनबराला मुलीकडे राहायला गेला होता.

आत पुढच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरलेली. भिंतीशी पाट. ब्रश ओळीने मांडलेले, कप ओळीने मांडलेले. मसालेभाताची परात झाकलेली. पातेलंभर खळ. पुस्तक एकही नाही.

"वन्सं, अहो, हे काय?"

"जूनचा पहिला रविवार आहे."

"पण पुस्तकं आता इथून जात नाहीत."

"ते मला ठाऊक आहे. ठरावाच्या वेळी मी होते." त्यांनी खळ ढवळली. "गेल्या जूनलाही केली होती. वाया गेली. तीन दिवस मसालेभात खात होते."

मी वेड्यासारखं म्हटलं, "पण झुरळं खात होती हो सगळं."

"मग? पहिल्याच वर्षी सांगितलं होतं हेडमिस्ट्रेसनं मला."

"पहिल्या वर्षी? म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हाच म्हणाली ती, सुशीला, कव्हर घालू नकोस. मी म्हटलं, तिकडे पेट्या उतरल्यावर तू फाडून टाकत जा हवं तर, पण मला घालू दे." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "कव्हराला दहा हात लागतात गं. पुस्तकं काय, पोचतात कशीही. हाउन्सलोला माणसं पोचत नाहीत."

वर विमान गेलं. नेहमीसारखं आम्ही दोघीही ते जाईपर्यंत गप्प राहिलो. त्या घरात ती रीतच होती.

मग मी पदर खोचला. "आणा, काय आहे घरात?"

असा जून आम्हाला तो एकच मिळाला. आम्ही बॉयलरच्या माहितीपुस्तकाला कव्हर घातलं. कौन्सिलच्या कचऱ्याच्या वेळापत्रकाला घातलं. लोणच्यांच्या पुस्तकाला, टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीला, माझ्या पर्समधल्या पासबुकाला. वन्सं प्रत्येकावर लेबल डकवून नाव आणि इयत्ता घालत होत्या. बॉयलर दुसरीत गेला. "गेल्या हिवाळ्यात दोनदा नापास झालाय," त्या म्हणाल्या. चळतीवर पाट ठेवून ब्रायनच्या जागी मी बसले.

"वजन कमी पडतंय," वन्सं म्हणाल्या. "भात घे वाढून. नवऱ्यामागे खाणंच सोडलंस तू."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फोनवर आवाज बारीक झालाय तुझा."

एवढ्या लांबून त्यांना ऐकू येत होतं, आणि मी मात्र कुजबुज ऐकून ठीक आहेत म्हणत होते.

जूनमधली संध्याकाळ लांबत गेली. 'घर'मध्ये नऊ वाजले, तरी खिडकीत उजेड होता. 'शाळे'त आठ. मी पाटावरून उठायच्या तयारीत वन्संकडे पाहिलं. त्या डिरेक्टरीचा कोपरा अंगठ्याने आत वळवत होत्या आणि समोरच्या घरातली मांजर रोज तीन घरी दूध कशी पिते ते मला सांगत होत्या. मांजरीच्या आवाजाची नक्कलही करून झाली. मोठा काटा खाली उतरत गेला. त्या उठल्या नाहीत. घड्याळाकडे त्यांची पाठ होती.

मीही आठवण केली नाही. तिकडे पोरांनी त्या दिवशी आपली आपणच शाळा भरवली असेल.