सरासरी दोन टक्के

चारशे इमारतींच्या लिफ्टची देखभाल करणारे एक कार्यालय होते. लिफ्ट मध्येच अडकली आणि आतल्या माणसाने घंटेचे बटण दाबले, की त्याचा निरोप कार्यालयाच्या प्रोग्रामकडे जाई. प्रोग्राम सर्वांत जवळचा मेकॅनिक शोधून त्याचा फोन वाजवी. हे सगळे चार सेकंदांत होई, आणि म्हणूनच त्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

हा प्रोग्राम राहायचा कुठे? तर दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या संगणकांवर, एका कंटेनरमध्ये. कंटेनर म्हणजे मोठ्या कपाटातला एक कप्पा समजा. प्रत्येक प्रोग्रामला आपापला कप्पा, वाट्याला आलेली थोडी बुद्धी, थोडी स्मरणशक्ती. शेजाऱ्याच्या कप्प्यात हात घालायचा नाही.

एके दिवशी कार्यक्षमता अधिकाऱ्यांनी परिपत्रक काढले : प्रत्येक कप्पा किती वापरात आहे याची नोंद कोडमध्ये करण्यात यावी. काम ताईकडे आले. ताई म्हणजे घंटेच्या प्रोग्रामची प्रोग्रामर. तिच्याहून मोठी माणसेही तिला ताईच म्हणत. तिने सुटसुटीत तीन रकाने केले. काय मोजले : बुद्धी की स्मरणशक्ती. कसे मोजले : सरासरी की कमाल. आणि तिसरा, आकडा. हा रकाना कोरा राहू नये आणि त्यात आकड्याशिवाय दुसरे काही बसू नये, अशी चोख व्यवस्था तिने केली. स्वतःच्या नेटकेपणाचे तिला कौतुक वाटले.

पहिला तक्ता निघाला. घंटेच्या प्रोग्रामपुढे लाल अक्षरांत आले : बुद्धी, सरासरी, दोन टक्के. चाळीसच्या खालचे कप्पे बंद करायचे, असा नियम त्याच दिवशी झाला होता.

"साहेब, लिफ्ट अडकत नाहीत म्हणून तो रिकामा आहे," ताई कार्यक्षमता अधिकाऱ्यांना म्हणाली. "ही चांगली गोष्ट आहे."

"असेल. पण तक्त्यात कुठे दिसते?"

"कमाल बघा ना. परवा एका भागातली वीज गेली, एका मिनिटात साठ घंटा आल्या. सत्त्याण्णव टक्के!"

"एका मिनिटाचं काय घेऊन बसलात, ताई? बाकीचा महिनाभर काय करत होता तो?"

"वाट बघत होता."

साहेबांनी तिसऱ्या रकान्यात 'वाट बघत होता' असे लिहून पाहिले. रकान्याने ते घेतले नाही. साहेबांनी ताईकडे पाहिले. ताईने खिडकीबाहेर पाहिले.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी खरोखर मार्ग काढण्याचा प्रयत्न केला. मेकॅनिक विभागाला त्यांनी लेखी विचारले, 'दरमहा साधारण किती लिफ्ट अडकवणे शक्य होईल?' उत्तर आले नाही. मग ताईनेच मनाविरुद्ध एक युक्ती केली. काम नसेल तेव्हा प्रोग्रामने एकपासून एक कोटीपर्यंत आकडे मोजायचे आणि उलटे मोजत परत यायचे.

पुढच्या तक्त्यात घंटेचा प्रोग्राम चौऱ्याण्णव टक्क्यांवर होता. हिरवागार. साहेबांनी सर्वांसमोर त्याचे अभिनंदन केले.

मग काय विचारता! रजेच्या अर्जांचा प्रोग्राम मोजू लागला. वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवणारा मोजू लागला. दोन प्रोग्राम तर एकमेकांना आकडे पाठवून 'बरोबर आहे का?' असे विचारू लागले. त्यांना 'समन्वय' या सदरात विशेष उल्लेख मिळाला. सगळे कप्पे भरले, तेव्हा आणखी कप्पे घेतले. ते रिकामे होते, म्हणून त्यांच्यातही मोजणी सुरू झाली.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा वीज गेली. ताईचे बाबा सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मध्ये पन्नास मिनिटे उभे होते. प्रोग्राम त्या वेळी ब्याऐंशी लाखांवर होता. हातातले काम अर्धवट सोडणे त्याला शिकवलेले नव्हते.

"बटण दाबलं, दिवा लागला," बाबा घरी आल्यावर म्हणाले. "मग मी दिव्याकडे बघत होतो आणि दिवा माझ्याकडे. तुझ्या ऑफिसात असतं का गं कुणी?"

"असतं, बाबा. सगळे कामात असतात."

बाबा हसले आणि त्यांनी पाण्याचा दुसरा पेला मागितला.

दुसऱ्या दिवशी ताईने घंटेच्या प्रोग्राममधली मोजणी काढून टाकली. तक्ता लाल झाला. साहेबांनी तिला समोर बसवले.

"शुक्रवारी संध्याकाळी कप्पा बंद होईल, ताई. नियम आहे. अपवाद मिळतो, पण दोन सह्या लागतील. एक कर्मचाऱ्याची, एक लिफ्ट वापरणाऱ्या नागरिकाची. तुमची किंवा तुमच्या घरच्यांची चालणार नाही."

"एवढंच ना?"

"एवढंच. फक्त सही करणाऱ्याने, अर्ज शांतपणे वाचायला आपल्याकडे मोकळा वेळ होता, असं लिहून द्यायचं."

कार्यालयात अर्ज टेबलाटेबलांवरून फिरला. सगळ्यांना तो पटला. सही कुणीच करेना. "मोकळा वेळ होता असं लेखी देऊ? ताई, वेड लागलंय का? उद्या मीच लाल होईन."

शेवटी सही केली ती म्हाताऱ्या मेकॅनिक काकांनी. चष्मा पुसून त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "मला आहे की वेळ," ते म्हणाले. "फोन वाजला की पळायचं, नाही वाजला की बसायचं. बसलेला असतो म्हणून तर पळता येतं." त्याच दिवशी कर्मचाऱ्यांच्या तक्त्यात त्यांचे नाव लाल अक्षरांत आले. काकांनी ते कौतुकाने सगळ्यांना दाखवले.

राहिली एक सही. शुक्रवारी सकाळी ताई निळ्या फाईलमध्ये अर्ज आणि हातात पेन घेऊन एका उंच इमारतीत लिफ्टच्या दाराशी उभी राहिली. माणसे भराभर येत होती. कुणी मान हलवली, कुणी फोन कानाला लावला. तो वाजलेला नव्हता.

तेवढ्यात तुम्ही आलात. तुम्हाला आठवत असेल, निळी फाईल घेतलेली एक बाई. तिने फक्त दोन मिनिटे मागितली. तुम्ही घड्याळ पाहिलेत, छान हसलात आणि म्हणालात, "आत्ता जरा गडबडीत आहे हो. सोमवारी नक्की करतो."

आणि लिफ्टमध्ये शिरलात.